कापूसकोंड्याची राजधानी

घरात कापूस भरला की माणसाला दोनच कामं उरतात, अंग खाजवणं आणि भाव वाढायची वाट पाहणं. यंदा मला तिसरं लागलं. परवानगी काढणं.

मधल्या खोलीत आढ्याकडे निघालेल्या ढिगावर माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं एक देश स्थापन केला. नाव कापूसकोंडा. बैल हाकायच्या तुतारीला आईची जुनी ओढणी बांधून झेंडा झाला, आणि तेव्हापासून आमचे बैल स्वतःच्या मनानं चालतात. तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल सेनापती. माझी बायको महिला बचत गटाची सचिव असल्यामुळे शिक्का आणि शाईचं पॅड घरातच होतं. त्यामुळे या देशाचं गृहखातं, अर्थखातं, पाणीपुरवठा, सगळ्यांच्या कागदावर बचत गटाचाच गोल शिक्का असतो.

मला या राष्ट्राशी काही देणंघेणं नव्हतं. पण घरातला धड चालणारा चार्जिंगचा बोर्ड नेमका त्याच खोलीत आहे.

"मोबाइल लावाचा आहे, बाई."

"अर्ज आणला काय?"

"हा घे."

"आधारची झेरॉक्स?"

"अवं, मी तुया बाप आहो!"

"'मी तुया बाप आहो' काय म्हणता, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू काय?"

हे माझ्या आईनं शिकवलेलं. आपण हो म्हणा, नाही म्हणा, हात जोडा, आपलंच वाक्य आपल्या तोंडावर परत येतं आणि गोष्ट काही सुरू होत नाही. सरकारी कचेऱ्यांत माझी उमेद गेली, पण तिथले बाबू निदान "उद्या या" तरी म्हणतात. इथं उद्याची सोयच नाही. शेवटी मी पानटपरीवर मोबाइल चार्ज करू लागलो. टपरीवाल्याला वाटलं आमची लाइन कापली. त्यानं गावभर सांगितलंही.

बरं, देशाला हद्द असावी. कापूसकोंड्याची हद्द प्रत्येक वेच्याला वाढायची. पहिला वेचा आला तेव्हा देश कोपऱ्यात होता. दुसऱ्यात माझी खाट गेली. मी तक्रार केली तर नवीन प्रांताच्या रहिवाशाला म्हणून पाय धुऊन वर झोपायची मुभा मिळाली. तिसऱ्या वेच्याची इतकी धास्ती घेतलेला शेतकरी अख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन.

अशात नाताळच्या सुट्टीत पुण्याहून बहीण आली. सोबत दोन भाचे, थोरला दहा वर्षांचा. तो चहा व्हायच्या आत पंतप्रधान झाला. त्यानं राजधानी समोरच्या खोलीत, टीव्हीजवळच्या दिवाणावर नेली आणि माझ्या लेकीला समजावलं, "तू रडू नको ना. वर्षातून एक अधिवेशन आपण कापसावर घेऊ."

ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आमच्या बाबांच्या हातातले सोले खाली सांडले. बाबा जुने विदर्भवादी. घरात कोणी नुसतं "वेगळी चटणी वाढ" म्हटलं तरी त्यांचे डोळे चमकतात.

"पोट्टे, फसू नको!" ते ओरडले. "1953 च्या नागपूर करारात आमाले हेच सांगतलं होतं. वर्षातून एक अधिवेशन! हिवाळ्यात येतेत, हुरडा खातेत, संत्री घेतेत न जातेत!"

मग त्यांनी नातीला मांडीवर घेऊन सगळा इतिहास सांगितला. नागपूर म्हणजे 1956 पर्यंत राजधानीचं शहर, मध्य प्रदेशाची राजधानी. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं 1955 साली विदर्भाचं वेगळं राज्य करा म्हणून लिहून दिलं. तरी 1960 ला झालं काय? तिला यातलं किती समजलं देव जाणे, पण राजधानी चोरीला जाते एवढं नक्की समजलं. आयोगाच्या शिफारशीनं जे झालं नाही ते तिनं भाच्याच्या दंडाला चावून जेवणाच्या आत करून घेतलं. बाबांनी पेढे मागवले. बहीण डेटॉल मागत होती.

संध्याकाळी शाळेतले सर चहाला आले. ते म्हणाले, पोरीला रागावू नका, ही मोठी लक्षणं आहेत. इंग्लंडमधल्या ब्रॉन्टे भावंडांना 1826 साली वडिलांनी आणलेले लाकडी शिपाई मिळाले, त्यावरून त्यांनी देशच्या देश रचले, आणि पुढं तिघी बहिणी नावाजलेल्या लेखिका झाल्या. धाकट्या दोघी, एमिली आणि ॲन, तर थोरल्यांपासून फुटल्या आणि त्यांनी गोंडल नावाचा आपला वेगळा देश काढला.

"पाहा!" बाबा माझ्याकडे वळले. "लहान्यायले वेगळं निघाच लागते."

"त्यायच्या घरी कापूस भरला होता काय, सर?" बायकोनं आतून विचारलं. सरांनी चहा संपवला.

कापूस विकायचं मात्र लांबत चाललं होतं. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्याच्या वर कपात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. धाकटा भाचा दोन वर्षांचा. दोन्ही राष्ट्रांनी त्याला नागरिकत्व दिलं होतं, पण तो दुपारी झोपायचा कापसावर, आणि चड्डीविना. राजधानीतला ओलावा किती झाला हे यंत्र लावून पाहायची माझी हिंमत नव्हती. म्हणून पाहुणे गेल्यावर मी खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे घरी येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, बोलावलं.

तो काटा घेऊन आला. ढिगावर झेंडा, झेंड्याखाली लेक, तिच्या मागे बाबा, वकिलासारखे.

"हटत नाही," ती म्हणाली. "पहिले मोबदला. चारपट. न घरातल्या एकाले नोकरी."

"चारपट" कोणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती. बाबा आढ्याकडे बघत होते.

व्यापारी मुरलेला. हसून म्हणाला, "देतो ना, बेटा. कापूस तर मोजू दे. सायंकाळी चुकारा करतो."

"'सायंकाळी चुकारा करतो' काय म्हणता, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू काय?"

"अवं, खरंच देतो!"

"'अवं, खरंच देतो' काय म्हणता, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू काय?"

हे बराच वेळ चाललं. मजूर बोऱ्या धरून उभे, गाडीचं भाडं चढत होतं. अखेर त्यानं खिशातून पन्नासच्या चार नोटा काढून तिच्या हातावर मोजल्या. तिनं त्या उजेडात धरून पाहिल्या, पावतीवर बचत गटाचा शिक्का मारला, सेनापतीला काखेत घेतलं आणि खाली उतरली.

या माणसाला मी कित्येक वर्षांपासून कापूस देतो. रोख चुकारा करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. माझा सोमवारी करतो म्हणाला.