मुंकचं घर आणि मळवलीचे दगड

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या जन्माला १५० वर्षं झाली तेव्हा, २०१३ च्या उन्हाळ्यात, ऑस्लोत एकच प्रदर्शन दोन ठिकाणी भरलं होतं. १९०३ पर्यंतची चित्रं राष्ट्रीय कलादालनात, त्यापुढची मुंक संग्रहालयात. मी दोन्हीकडे गेले होते. परवा पुण्याहून दादाचा फोन आला आणि विषय पुन्हा तिथेच गेला. आपल्याकडे चित्रकाराची जन्मशताब्दी आली की वाद ठरलेला: पुतळा की चौकाला नाव? आणि तिसरा पक्ष म्हणतो, आधी पाणी आणि रस्ते, मग चित्रं. दादा तिसऱ्या पक्षातला. "तुमच्याकडे नॉर्वेत तेलाचा पैसा आहे," तो म्हणाला.

पैसा आहे, खरंच आहे. पण इथेही सगळं सुरळीत झालेलं नाही. मुंकने १९४० मध्ये मृत्युपत्र करून आपल्याकडची सगळी कामं ऑस्लो शहराच्या नावे केली. सुमारे १,१०० रंगचित्रं, मुद्राचित्रं (ठशावरून कागदावर छापलेली चित्रं) १५ हजारांहून जास्त. तो १९४४ मध्ये गेला, संग्रहालय उघडलं १९६३ मध्ये. २००४ मध्ये भरदिवसा बंदुका दाखवून तिथून दोन चित्रं पळवली. नव्या इमारतीचा बेत शहराने २०११ मध्ये गुंडाळला आणि जयंतीच्याच वर्षी पुन्हा मंजूर केला. ती उघडायला २०२१ उजाडलं. भांडण इथेही झालं, पण ते कामं कुठे ठेवायची यावरून. मला फरक वाटतो तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

मुंकचे लाकडी ठसे पाहिल्यापासून हे जास्तच जाणवतं. तो ठसा करवतीने कापायचा, प्रत्येक तुकड्याला वेगळी शाई लावायचा आणि तुकडे पुन्हा जुळवून एकाच दाबात छापायचा. अशाच एका छापात समुद्राकडे तोंड करून उभे असलेले एक पुरुष आणि एक बाई; त्यांच्याभोवती सांध्याची बारीक पांढरी रेघ राहिलेली. ती रेघ पुस्तकातल्या फोटोत हरवते. त्यासाठी समोर उभं राहावं लागतं.

मुंकने पहिलं मुद्राचित्र बर्लिनमध्ये १८९४ साली केलं. त्याच वर्षी मुंबईत राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला, पुढे १८९९ मध्ये मळवलीला गेला. एका लक्ष्मीसाठी कितीतरी दगड लागायचे, रंगागणिक वेगळा. मराठी घरांत चित्र पोहोचलं ते या दगडांवरून. १९७२ मध्ये तिथे आग लागली. मळवलीवरून लोकलने लोणावळ्याला जाताना आपल्यातल्या किती जणांना हे आठवतं? मला पंचविशीपर्यंत माहीतही नव्हतं. या छापखान्याचे दगड, छापलेली चित्रं आणि यंत्रं एकत्र दाखवणारं, शाळेतल्या मुलाला शाई लावून स्वतः एक छाप काढू देणारं सरकारी दालन महाराष्ट्रात हवं. त्याला पुतळ्याइतकाच पैसा लागेल, कदाचित कमी.

आजीच्या देवघरातली जरी-टिकल्या लावलेली लक्ष्मी दादाकडेच आहे, कोपऱ्यात ओल लागलेली. खाली छापखान्याचं नाव आहे का बघ म्हटलं. "काच काढावी लागेल," तो म्हणाला. काढ, पण हात कोरडे करून, मी सांगितलं.