दोन खोल्या, सात सह्या

गावच्या जमिनीवर दोन खोल्या बांधायच्या आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांना चुलीवरची भाकरी घालून पैसे घ्यायचे, ही कल्पना मला परळच्या घरात, ऐन पावसात, पंख्याखाली ओले मोजे वाळत घालताना सुचली. मी 2020 चं कृषी पर्यटन धोरण वाचून काढलं. किमान एक एकर शेती हवी, खोल्या आठपर्यंत चालतात, नोंदणी फी 2500 रुपये. एवढं सोपं काही वाचलं की माझ्या वडिलांना संशय यायचा. मला आला नाही.

15 रुपयांत डिजिटल सातबारा घरबसल्या निघाला. मालकाच्या रकान्यात आजोबा. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण कागदावर ठणठणीत. मग वारस नोंद, फेरफार आणि तलाठ्याची वाट बघणं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, 'साहेब मीटिंगला गेलेत' तेच राहिलं.) पाच वेळा कसारा लोकल झाली. पाचव्या खेपेला आजोबा उतरले आणि त्यांच्या जागी आम्ही सात जण चढलो.

क्षेत्र 43 गुंठे, पैकी 5 गुंठे पोटखराबा. पोटखराबा म्हणजे जमिनीचा असा भाग, ज्यात काही पिकत नाही. असे दोन काका आमच्याकडेही आहेत. क्लार्कने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे लागवडीखाली 38च की हो. एकराला दोन कमी." मी म्हटलं, सगळी जमीन धरायची ना? तो म्हणाला, "वरती विचारतो." वरती म्हणजे पहिला मजला. तो जिना चढताना मी कधीच पाहिला नाही.

मग सहहिस्सेदारांची संमती. लालबागच्या आत्याकडे कागद घेऊन गेलो. तिने चष्मा लावला, मला पोहे दिले आणि कागद पापडाच्या डब्याखाली ठेवला.

"सही करते रे, पण माझी खोली कुठली?"

"आत्या, खोल्या पाहुण्यांसाठी आहेत."

"मग मी कोण?"

तिने नकाशा मागितला. गॅसच्या पुस्तकाला बांधलेलं पेन काढलं, आधी खिडकी विहिरीच्या बाजूला सरकवली आणि मग संडासाच्या चौकोनात 'कमोड' असं लिहिलं. दोनदा अधोरेखित. सही त्यानंतर. वसईच्या चुलतभावाने मे महिना मागितला, धाकट्या काकांनी दिवाळी. सातवी सही होईस्तोवर माझ्या दोन्ही खोल्या, ज्यांचा पायासुद्धा खणलेला नव्हता, सगळ्या सुट्ट्यांना भरल्या होत्या. फुकटात.

फाइल जाडजूड झाली तेव्हा खरी गंमत कळली. एका टेबलाने विचारलं, "शेती कुठाय? पीक पाहणीत पड दाखवतेय. शेती नाही तर कसलं कृषी पर्यटन?" शेजारच्या टेबलाचं म्हणणं, "शेतजमिनीवर माणसं ठेवून पैसे घेणार, म्हणजे धंदा झाला. एन.ए., म्हणजे बिगरशेतीची परवानगी, कुठाय?" दोघांच्या मध्ये एकच पंखा, तो मान हलवत दोघांचंही ऐकत होता. मी पंख्याकडे बघत बसलो, कारण दोघांचंही पटत होतं.

निदान पहिलं टेबल तरी गप्प करू म्हणून भात निघाल्यावर शेजाऱ्याचा नांगर भाड्याने लावला आणि वाल पेरला. भात अर्थात शेजाऱ्याच्या शेतातला, आमच्यात गवत होतं. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइलवरून पीक नोंदवायचा, फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो, म्हणून ऑफिसला दांडी मारून गेलो. रेंज फक्त पोटखराब्यातल्या कातळावर होती. कातळावरून काढलेल्या फोटोत वाल कमी आणि माझा बूट जास्त आला. तिसऱ्या दिवशी जमलं. सातबाऱ्यावर 'वाल' उमटलं, तेव्हा मुलगा पास झाल्यासारखं वाटलं.

एन.ए.चं टेबल अजून तिथेच आहे. वाल मात्र बदाबदा लागला. दर रविवारी दोन पिशव्या शेंगा घेऊन मी कसारा लोकलने दादरला उतरतो. बायकोने पहिल्या रविवारी शेजाऱ्यांना वाटल्या, दुसऱ्या रविवारपासून विकायला काढल्या. जिन्यात तराजू लटकलाय. दोन मजल्यांची उधारी वहीत आहे. "ह्याला कुठला परवाना लागत नाही," असं ती म्हणते. मी अजून कोणाला विचारलेलं नाही.