समाजशास्त्र हा 'ढ' मुलांचा विषय आहे असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

परवा एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलीला शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी समाजशास्त्र घ्यायचंय, हट्टच धरून बसलीय, आणि आई अगदी काळजीने विचारत होत्या, "मॅडम, मार्क चांगले आहेत हो तिला, मग हा विषय कशाला?" गेली १६ वर्षं मी हाच विषय याच वयाच्या मुलांना शिकवतेय आणि हा प्रश्न दरवर्षी येतो, फक्त शब्द बदलतात. ज्याला दुसरं काही जमत नाही त्याने समाजशास्त्र घ्यावं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. फोनवर नीट उत्तर देता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

आधी हे सांगते की हा विषय सोपा नाही. फिजिक्सच्या वर्गात कुणी इलेक्ट्रॉनबद्दल स्वतःचं मत घेऊन येत नाही. पण कुटुंब, लग्न, शाळा, गरिबी, मुलगा-मुलगी याबद्दल प्रत्येक जण सोळाव्या वर्षापर्यंत पक्कं मत बनवूनच येतो आणि त्याला वाटतं की हे मत म्हणजेच उत्तर. पहिल्या आठवड्यात मी 'कुटुंब म्हणजे काय' एवढंच लिहायला सांगते. धडा न वाचता सगळे पानभर लिहितात आणि प्रत्येकाने आपलंच घर लिहिलेलं असतं. आपलं घर हा अनेकांतला एक प्रकार आहे हे पटायला मुलांना महिने लागतात. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ मध्येच सांगितलं होतं की सामाजिक तथ्यांकडे, म्हणजे आपल्याला एका ठरावीक पद्धतीने वागायला लावणाऱ्या समाजातल्या रीती-नियमांकडे, वस्तूंसारखं बघा, आधीच्या समजुती बाजूला ठेवा. वाचायला ही एक ओळ आहे, पण स्वतःच्या घराकडे असं लांबून बघणं काही मुलांना फार जड जातं, एकदोघांना तर रडू आलंय, आणि मी त्यांना कधीच घाई करत नाही.

त्याच दुर्खाइमचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास मी जपून शिकवते, कारण वर्गात कोण कशातून जातंय हे आपल्याला माहीत नसतं. पण टाळत नाही. इतकी खाजगी वाटणारी गोष्ट, आणि त्याने सरकारी आकड्यांवरून दाखवलं की एकेका देशातलं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं, माणसं दरवर्षी वेगळी तरी प्रमाण साधारण तेच. प्रोटेस्टंट समाजात ते कॅथलिकांपेक्षा जास्त होतं, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त. माणूस आपल्या गटाशी किती बांधलेला आहे यावर त्याने बोट ठेवलं. एका वर्षी हे शिकवताना मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात एक शब्द बोलला नव्हता, हात वर करून म्हणाला, "पण मॅडम, मृत्यूचं कारण कागदावर लिहितं कोण? घरच्यांनी लपवलं तर?" मी थांबलेच. जॅक डग्लस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दुर्खाइमच्या आकड्यांवर हाच आक्षेप घेतलाय, की ज्या गटात माणसं घट्ट बांधलेली असतात तिथे लपवलंही जास्त जात असेल. या मुलाने डग्लसचं नावही ऐकलेलं नव्हतं. आणि याचे आधीचे मार्क बघून त्याला कुणीतरी 'तू समाजशास्त्रच घे' असं सांगून पाठवलं होतं.

या वयातच हा विषय का, तर याच वयात मुलं सगळं स्वतःच्या अंगावर घेतात. घरी पैसे नाहीत ते आपलं नशीब, बाबांची नोकरी गेली ती बाबांची चूक. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये जो हिशोब मांडला तो मी फळ्यावर लिहिते: १ लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव बघा, पण ५ कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव बघून काय कळणार? फळ्यावर हे आकडे लिहिले की वर्ग एकदम शांत होतो, दरवर्षी. मग कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे माझी कशातच चूक नाही ना?" तर तसंही नाही, गटाचं प्रमाण कळलं म्हणून त्यातल्या एकाने काय करायचं ते ठरत नाही. यावर दोन तास वाद होतो आणि तो मी होऊ देते, सिलॅबस मागे पडला तरी.

माझ्या वर्गात 'समाज असं मानतो' हे वाक्य चालत नाही. समाज म्हणजे कोण, किती जण, तुम्ही कुणाला विचारलंत? मग मुलं मोजायला शिकतात. घरात कोणतं काम कोण करतं याची आठवडाभर नोंद ठेवायची, आधी घरच्यांची परवानगी घ्यायची, नावं लिहायची नाहीत. 'आमच्याकडे सगळे सारखंच काम करतात' असं सांगणारी मुलं आठवड्याने वही घेऊन गप्प येतात.

सहा वर्षांपूर्वी एका मुलीने निरीक्षणासाठी माझाच तास निवडला. तिने मोजलं की मी तासाभरात १४ प्रश्न विचारले आणि त्यातले ११ पहिल्या दोन रांगांना. मी स्वतःला समदृष्टीची समजत होते हो. त्या रात्री झोप लागली नाही, कारण तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला, तो बोलला तेव्हा हात त्याने वर केला होता, मी त्याला कधीच काही विचारलं नव्हतं.

कुणाकडून काही अपेक्षाच ठेवली नाही की तसंच घडतं. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये यावर लिहिलंय. बँक बुडणार अशी खोटी अफवा उठते, लोक पैसे काढायला धावतात आणि चांगली चाललेली बँक खरंच बुडते. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करतं. आमच्या विषयाचं नेमकं हेच झालंय. 'ढ मुलांचा विषय' म्हटलं की मार्कवाली मुलं फिरकत नाहीत, मग शिकवणारे म्हणतात यांना झेपणार नाही, व्याख्या डिक्टेट करा, 'सामाजीकरणाची वैशिष्ट्ये लिहा' पाठ करून घ्या, मुलं पाठ करतात, पास होतात, आणि सगळे म्हणतात बघा, पाठांतराचाच तर विषय आहे. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. मुलांचा यात काहीच दोष नाही, त्यांना जे दिलं तेच त्यांनी लिहिलं.

माझे प्रश्न मोजणाऱ्या त्या मुलीने तीन महिन्यांनी परत मोजलं तेव्हा १३ पैकी ७ पुढच्या रांगांना होते. तेव्हापासून दर सहामाहीला मी कुणालातरी मोजायला बसवते, आणि आकडा कधीकधी परत चढतो, मग परत लक्ष द्यावं लागतं.

फोन केलेल्या ताईंना मी शेवटी एवढंच म्हटलं की तिला पाठवा. पहिल्याच आठवड्यात वही-पेन देऊन तिला मागच्या बाकावर बसवणार आहे.