इशारा मिळाला, पुढे काय?

"पूर्वसूचना यंत्रणा बसली की जीवितहानीचा प्रश्न बराचसा सुटतो" हे आपत्तींच्या इशाऱ्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. यंत्रणा स्पेनकडे होतीच की! २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियासाठी हवामान खात्याने सकाळीच अतिवृष्टीचा रेड अलर्ट दिला होता. लोकांच्या मोबाइलवर तो वाजला रात्री आठनंतर, तोवर रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या. २०० हून जास्त माणसं गेली. आमच्या ऑफिसात असा इशारा एकदम सगळ्यांच्या फोनवर वाजला, तेव्हा जो तो एवढंच विचारत होता, की हा आवाज बंद कसा करायचा!

उलट बांगलादेश बघा. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान ३ लाख माणसं मेली, २०२० च्या अम्फानमध्ये आकडा शंभरीच्याही खूप आत राहिला. (दोन्ही वादळं सारखी नव्हती, मान्य. तरी फरक केवढा!) १९७२ पासून तिथले स्वयंसेवक भोंगे घेऊन गावोगाव फिरतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवाऱ्यात पोचवतात. जनावरांसाठी मातीचे उंच चौथरे बांधलेत, कारण गाय दावणीला सोडून माणूस घराबाहेर पडत नाही. २०२७ पर्यंत सगळं जग इशाऱ्याच्या कक्षेत आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट लेखात आहे. त्यातला पैसा रडारला किती आणि या भोंगेवाल्यांना किती, तेही लिहायला हवं होतं.