हरणासारखा वाजणारा प्राणी

शनिवारी विन्या पाऊण तास उशिरा आला. पिकअपच्या मागे दोरीने करकचून बांधलेली एक भलीमोठी रिक्लायनर खुर्ची. "गुरुवारी सासूबाई येतायत. सहा महिने," एवढं बोलून त्याने चहाचा कागदी कप उचलला आणि दुसऱ्या घोटाला मुद्द्यावर आला. "ग्रुपवरचा फोटो बघितलात ना?"

बघितला होता. फोटोत मिट्ट काळोख, काळोखात एक करडं ढेकूळ आणि खाली विन्याची ओळ: 'शत्रू दिसला आहे.' शत्रू म्हणजे आर्माडिलो, अंगावर कवच असलेला आणि किड्यांसाठी लॉन उकरणारा प्राणी.

आमचा कट्टा म्हणजे नॅशव्हिलच्या नोलन्सव्हिल पाइकवर, देशी किराणा दुकानाबाहेरची सिमेंटची बुटकी भिंत. बायको आत भेंडी निवडते तोवर बसायचं, म्हणून सुरू झालेला. आता बायका कधीच घरी जातात, आम्ही बसतो. शिल्पा मात्र तेव्हाही भेंडी निवडत नव्हती, आजही निवडत नाही.

"मेंफिसच्या बाजूने सरकत सरकत आपल्यापर्यंत आला," विन्या म्हणाला. "पलीकडे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात पोचला, वर इंडियानात पोचला. टेनेसीत आर्माडिलो वर्षभर मारायला परवानगी आहे, कितीही मारा. सरकारनेच ठरवलंय ना?"

"म्हणजे व्हिसा नाही त्याच्याकडे," मंद्या.

शिल्पाने घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं. मला वाटलं होतं व्हिसाचा विनोद दोनच मिनिटांत येईल."

मंद्या ओशाळला, पण फार वेळ ओशाळणं त्याच्या स्वभावात नाही. "हे आपलं खवले मांजरच ना? कोकणातलं?"

"काडीचं नातं नाही," शिल्पा म्हणाली. "नुसतं दिसायला तसं. तिकडे खवल्यांना भाव आहे म्हणून चोरून मारतात, इकडे कवचाला कुत्रं विचारत नाही तरी मारतात."

विन्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. सदाशिव पेठेतला मुलगा. आजी असेपर्यंत घरात अंडं आलं नाही. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका शिकारी मित्राने त्याला रानात नेलं आणि विन्या बिघडला. पानापानांच्या नक्षीचे कपडे, तसलीच टोपी, तसलाच थर्मास. एकदा तो पार्किंगमध्येच थर्मास हरवून बसला होता, नक्षीमुळे. बोलताना मधेच 'य'ऑल' म्हणतो. तीन हंगामांची एकूण शिकार: शून्य. खर्च किती ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

"तो आला कसा ते बघ ना," शिल्पा म्हणाली. "1850च्या आसपास रिओ ग्रांदे ओलांडून टेक्सासात शिरला. फ्लोरिडात लोकांनी पाळलेले सुटले, ते वेगळेच. हा हिवाळ्यात झोपी जात नाही, अंगावर चरबी जेमतेम, केस नावापुरते. जमीन गोठली की किडे मिळत नाहीत आणि उपाशी मरतो. पूर्वी थंडीच त्याला अडवायची. आता हिवाळे नरम झाले. शिवाय तू लॉनखाली स्प्रिंकलर टाकलेस. माती मऊ, किडे भरपूर. पान तूच वाढलंस आणि आता पंगतीतून उठवतोस."

पंगत हा शब्द तिने मुद्दाम काढला असावा. कारण लगेच आप्पांनी दाण्याची पुडी बाजूला ठेवली आणि 2018च्या गणपतीचा विषय निघाला. त्या साली पुऱ्यांची जबाबदारी विन्याकडे होती आणि तिसऱ्या पंगतीला ब्रेड वाढावा लागला होता. विन्याचं म्हणणं, मंद्याने आकडा चुकीचा दिला. मंद्याचं म्हणणं, आकडा माणसांचा होता, पुऱ्यांचा नव्हता. दहा मिनिटं यात गेली. निकाल दर वर्षीसारखाच राखून ठेवला.

"ते जाऊ द्या," विन्या म्हणाला. "टर्कीचं बोला. तिकडे दक्षिणेच्या काउंट्यांमध्ये टर्की किती कमी झाल्या माहितीये? क्वेल, ते लाव्यासारखे पक्षी, तर दिसतच नाहीत. अंडी खातो हा! जमिनीवरची घरटी फस्त. कुठल्याही शिकाऱ्याला विचारा."

"शिकाऱ्याला कशाला, आर्माडिलोलाच विचारलंय लोकांनी," शिल्पा म्हणाली. "पोटं फाडून. नव्वद टक्क्यांहून जास्त किडे, अळ्या, मुंग्या, गांडुळं. अंडं क्वचित. अंडी खायला रॅकून आहे, ओपॉसम आहे, स्कंक आहे. आणि क्वेलचं म्हणशील तर शेताच्या कडेचं झुडूप-गवत साफ करून सगळीकडे फेस्क्यूचं गवत लावलं माणसाने. रॅकूनवर का नाही चिडत तू?"

"रॅकूनचं वेगळं आहे," विन्या जरा थबकून म्हणाला. "त्याच्यामागे कुत्री सोडतात. रात्रभर. परंपरा आहे ती इथली. कातड्याला पूर्वी पैसे यायचे."

"बरोब्बर. अंडी खा, पण कातडं चांगलं ठेव."

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, याचंही कवच एकेकाळी विकलं जायचं. टेक्सासात कम्फर्ट नावाच्या गावी एक जर्मन बुरूड होता, त्याने कवचांच्या टोपल्या करून विकल्या. शेपूट वळवून तोंडाशी अडकवली की झाली मूठ. आणि मंदीच्या काळात, 1930च्या सुमारास, गरिबांनी हा खाल्लाही. नाव ठेवलं 'हूवरचं डुक्कर'. राष्ट्राध्यक्ष हूवरने ताटात कोंबडीचं आश्वासन दिल्याची बोलवा होती, प्रत्यक्षात ताटात हे आलं. माझ्या माहितीवर कोणीच काही बोललं नाही. आप्पांनी दाणे पुढे केले.

"विन्या," शिल्पा गोड आवाजात म्हणाली, "मागच्या नोव्हेंबरात मचाणावर काय झालं?"

विन्याने मंद्याकडे बघितलं. मंद्या आकाशाकडे बघत होता.

झालं होतं असं. पहाटे चारला उठून विन्या मचाणावर चढला. गोठवणारी थंडी, खाली ओकची वाळकी पानं. फटफटायच्या आधी पानांत आवाज. खस्स, खस्स. थांबला. परत खस्स. जड पाऊल. विन्याने थिजलेल्या बोटांनी मित्राला मेसेज टाकला, 'मोठा आहे.' मनात दहा टोकांची शिंगं, दिवाणखान्यातली भिंत, त्यावरची जागा. बंदूक खांद्याला लावून वीस मिनिटं श्वास धरून. मग झुडपातून बाहेर आला तो मांजराएवढा चिलखती प्राणी, नाक पानांत खुपसून, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा. त्याला फारसं दिसत नाही. विन्याच्या मचाणाखालून तो असा गेला जणू वर कोणी नाहीच.

"त्यानंतर खरं हरीण आलं असतं तरी माझे हात..." विन्या म्हणाला आणि थांबला.

"म्हणजे अंडी नाहीत, टर्की नाहीत," शिल्पा म्हणाली. "गुन्हा एकच. तो हरणासारखा वाजतो."

मी हसलो, पण हे खरं आहे. माझ्या ऑफिसात हरणाची शिकार करणारे पाच-सहा जण आहेत. ज्याच्यावर हा प्रसंग आला नाही तो आर्माडिलोला शिंपल्यातला ओपॉसम वगैरे म्हणून हसून सोडून देतो. ज्याच्यावर आला तो क्वेलच्या अंड्यांबद्दल बोलतो.

विन्याचा एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. बिळात घोड्याचा किंवा गाईचा पाय अडकला तर मोडेल, ही इथल्या शेतकऱ्याची भीती खोटी नाही. पण विन्याकडे घोडा नाही. त्याच्याकडे लॉन आहे आणि सोसायटीचं एक पत्र आहे.

मग त्याने हुकमाचं पान टाकलं. "कुष्ठरोग असतो त्याला! 2011 सालीच सिद्ध झालंय, दक्षिणेतल्या काही रुग्णांना आर्माडिलोकडूनच झाला. घरात लहान मूल आहे माझ्या."

आप्पा इतका वेळ गप्प होते. आप्पा वरोऱ्याचे. पंचवीस वर्षं इथे काढली, पण चिडले की वरोरा वर येतं.

"मले एक सांग, त्याले कुठून आला तो?"

विन्या शिल्पाकडे बघू लागला.

"माणसाकडून," शिल्पा म्हणाली. "तो जिवाणू युरोपातल्या लोकांबरोबर इकडे आला. आर्माडिलोचं अंग आपल्यापेक्षा गार, 33 ते 35 अंश, त्यामुळे जिवाणूला तिथे बरं वाटतं. प्रयोगशाळेच्या बशीत तो वाढतच नाही. 1971 साली कळलं की आर्माडिलोत वाढतो, तेव्हा कुठे संशोधनाला पुरेसे जिवाणू मिळाले. आणि बहुतेक माणसांना हा रोग होतच नाही, झाला तर गोळ्यांनी बरा होतो. उघड्या हातांनी सोलू नकोस म्हणजे झालं. तू तसंही काही सोलत नाहीस."

"अन् आमच्या आनंदवनातली भाजी इकत घ्यायले लोकं भ्यायचे, माह्या आजाच्या काळी," आप्पा म्हणाले. "माणसानंच रोग देल्ला अन् आता त्या जनावरालेच महारोगी म्हणून राह्यला तू. काहून रे बाप्पा? सायन्स शिकला ना तू?"

क्षणभर शांतता. दुकानातला मुलगा बाहेर येऊन ट्रॉल्या गोळा करून गेला.

"ते काही असो," विन्या हट्टाने म्हणाला. "आज रात्री मी मागच्या अंगणात बसणार. एक गोळी, काम तमाम."

"शहराच्या हद्दीत गोळी?" मी.

"पॉइंट टू टूची बारकी गोळी. आवाज कितीसा."

मंद्या एकदम उठून उभा राहिला. चार वर्षांत मी त्याला असा उभा राहिलेला बघितला नव्हता. "2015. जॉर्जिया. एकाने घराबाहेर आर्माडिलोवर पिस्तूल झाडलं. आर्माडिलो मेला. पण गोळी त्याच्यावरून उडाली, कुंपणाला लागली, तिथून उडून मागच्या दारातून घरात, दारातून रिक्लायनरच्या पाठीत, आणि रिक्लायनरमध्ये कोण बसलं होतं?"

कोणी बोललं नाही. सगळे पिकअपकडे बघत होते.

"सासू!" मंद्या म्हणाला. "पाठीत. वाचली, फार लागलं नाही."

शिल्पाला चहाचा ठसका लागला. आप्पा भिंतीवरून घसरले. "आणि त्याच साली टेक्सासात एकाच्या स्वतःच्याच जबड्यात—" असं मंद्या सांगत होता, पण ते कोणी ऐकलं नाही.

विन्या हसत नव्हता. तो खुर्चीकडे बघत होता.

"मागच्या दाराशीच ठेवणार होतो," तो हळूच म्हणाला. "तिथे ऊन येतं. त्यांचे गुडघे दुखतात."

"पुढच्या खोलीत ठेव," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "चल, चौघं येतो उचलायले."