धडक खावी ती बेताची

पुण्यात मोटार चालवणाऱ्या सज्जन माणसाला अपघात करावा लागत नाही. तो घरपोच मिळतो. आपण तांबड्या सिग्नलला, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, हँडब्रेक ओढून निमूट उभे असता, आणि मागून येणाऱ्याच्या मते तांबडा दिवा ही आज्ञा नसून केवळ सूचना असते. धडक बसल्यावर चूक कोणाची, यावर चौकातले आठ-दहा जाणकार लगेच परिसंवाद सुरू करतात. त्यात आपण वेळ दवडू नये. ज्या एका ठिकाणी या प्रश्नाच्या उत्तराला किंमत असेल अशी आपली भाबडी समजूत आहे, त्या विम्याच्या हप्त्याच्या हिशेबात हा प्रश्न विचारलाच जात नाही.

याचा खुलासा मिळवण्यासाठी पॉलिसीची बारीक अक्षरे वाचण्याचीही गरज नाही. ठळक अक्षरे पुरेत. तिथे 'नो क्लेम बोनस' असे लिहिलेले असते, 'नो फॉल्ट बोनस' असे नव्हे. एक वर्ष क्लेम टाकला नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीपुरता जो हप्ता असतो त्यावर २० टक्के सूट मिळते. मग ती क्रमाने २५, ३५, ४५ अशी चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर पोहोचते. पाच वर्षांची ही तपश्चर्या एका क्लेमने शून्यावर येते. मग तो क्लेम आपण स्वतः सिंहगड रस्त्यावर गाडी दुभाजकावर चढवल्यामुळे टाकलेला असो, की आपण घरात गाढ झोपलेले असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी रिव्हर्स घेताना दार चेपवून निघून गेल्यामुळे. आपल्याकडच्या फार थोड्या व्यवस्थांमध्ये दोषी आणि निर्दोष यांना इतक्या निखळ समभावाने वागवले जाते.

माझ्या गाडीला हा लाभ नळस्टॉपच्या सिग्नलला झाला. मागून स्कूटरवरून येणारे गृहस्थ साठीचे, हँडलला भाजीची पिशवी, त्यातून मेथीची जुडी डोकावत होती. धडकेने माझ्या मागच्या बंपरला वीतभर तडा गेला आणि मेथी रस्त्यावर पडली. गृहस्थांनी आधी मेथी उचलली, मग मला विचारले, "एवढे एकदम थांबलात कशाला?" मी थांबून पाऊण मिनिट झाले होते, हे मी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर ते उदार होऊन म्हणाले, "नुकसान खरं तर माझंच जास्त झालंय, पण जाऊ द्या, मी काही म्हणत नाही." आणि सिग्नल सुटायच्या आत ते कर्वे रस्त्याला लागलेसुद्धा.

गॅरेजमध्ये गेल्यावर फोरमन एकच प्रश्न विचारतो : "इन्शुरन्समधून करायचं का कॅश?" या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने न देता कागद-पेन्सिल घेऊन द्यावे. समजा बंपर ६,००० रुपयांचा, रंगकाम ३,००० चे आणि मजुरी १,२०० ची. एकूण १०,२०० रुपये. बंपर प्लास्टिकचा, म्हणून घसाऱ्यापोटी त्याची निम्मी किंमत कापली जाते. गाडी काल शोरूममधून बाहेर पडलेली असली तरी प्लास्टिक हे जन्मतःच अर्धे म्हातारे असते, असा विम्याचा सिद्धांत आहे. रंगकामाच्या बिलाचा पाव हिस्सा रंगाचा धरून त्याचा अर्धा, म्हणजे ३७५ रुपये वजा होतात. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपले आपणच सोसायचे असतात. म्हणजे हाती पडतात ५,८२५ रुपये.

आता दुसरी बाजू. आपल्या गाडीच्या नुकसानीपुरता मूळ हप्ता १०,००० रुपये धरला, तर ५० टक्के बोनसवाला माणूस ५,००० भरत असतो. क्लेमनंतरच्या नूतनीकरणाला त्याला पूर्ण १०,००० भरावे लागतात. पुढे ८,०००, ७,५००, ६,५००, ५,५०० असे करत सहाव्या नूतनीकरणाला तो पुन्हा ५,००० वर येतो. मूळ हप्ता तोच राहिला असे मानले, तर मधल्या पाच वर्षांत त्याने १२,५०० रुपये जास्त मोजलेले असतात, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,७५०. थोडक्यात, ५,८२५ रुपये मिळवण्यासाठी १४,७५० रुपये मोजण्याची ही योजना आहे, आणि तिचा लाभ घेताना फॉर्मवर आपण आपल्या हाताने सही करायची असते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, धडक खायचीच असेल तर किरकोळ खाऊ नये. बंपर, आरसा, दाराचा पत्रा हे सगळे आतबट्ट्याचे. मागच्याने निदान डिकी, दोन्ही टेललाइट आणि चासीपर्यंत पोहोचावे, म्हणजे बिल क्लेमच्या लायकीचे होते. आरशात तो येताना दिसला, तर थोडा वेग वाढवण्याची खूण करावी. आपली चूक नाही हे तर ठरलेलेच आहे, मग नुकसान तरी भरघोस असू द्यावे.

ज्याने ठोकले त्याच्याकडूनच वसूल करावे, असा बाणेदार विचार काहींच्या मनात येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान त्यात बसते. तेव्हा आपण पोलिसांत नोंद करावी, समोरच्याची पॉलिसी हुडकावी (ती चालू असल्यास आपल्या पूर्वजन्मीच्या पुण्याचे आभार मानावेत), मग शिवाजीनगरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे १०,२०० रुपयांसाठी उभे राहावे. वकिलांची फी आणि पार्किंगला जागा शोधताना बसणाऱ्या पुढच्या धडकेचा खर्च या रकमेत धरलेला नाही.

यातली खरी गोम मात्र पुढेच आहे. बोनस मिळतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर, त्यामुळे ठोकणाऱ्याने आपल्या वाहनासाठी क्लेम टाकला नाही, तर थर्ड पार्टीत आपल्याला पैसे देऊनही त्याचा बोनस शाबूत राहतो. त्याचा थर्ड पार्टी हप्ताही वाढत नाही, कारण तो सरकार ठरवते आणि मोटारींच्या बाबतीत इंजिनाच्या सीसीवरून ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये. चालक संत असो वा चौकाचौकांत माणसे उडवणारा, आकडा तोच. तेव्हा ठोकणारा आणि ठोकून घेणारा यांपैकी एक होण्याची संधी मिळालीच, तर शहाण्याने कोण व्हावे हे मी सांगायला नको.

इतके करूनही धीर होत नसेल, तर बोनस सुरक्षित ठेवणारे जादा कवच मिळते, त्याचे वेगळे पैसे पडतात. क्लेम न केल्याबद्दलचे बक्षीस क्लेम केल्यावरही टिकावे म्हणून काढलेला हा विम्याचा विमा. छत्री भिजू नये म्हणून तिच्यावर धरलेली दुसरी छत्री म्हणा. कंपनी बदलून क्लेम लपवण्याचा मोह मात्र टाळावा. नवी कंपनी जुनीला विचारते, आणि खोटे उघडकीला आले तर पुढच्या वेळी बंपरच काय, गाडी गेली तरी क्लेम नाकारला जाऊ शकतो. त्यापेक्षा बोनस जपावा. तो गाडीचा नसून माणसाचा असतो, जुनी गाडी विकल्यावर नव्या गाडीला लागतो, आणि मालक गेल्यावर गाडी पत्नीकडे किंवा मुलांकडे आली तर त्यांनाही मिळू शकतो. सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तरी मुलांना काहीतरी वडिलोपार्जित मिळाल्याचे समाधान असावे.

मी फोरमनला "कॅश" म्हणालो. त्यानेही मग बंपर बदलण्याचा आग्रह सोडला, आतून पत्र्याची पट्टी मारली, वरून काळी टेप लावली आणि पाचशे रुपये घेतले. घरी निघताना फोनवर विमा कंपनीचा मेसेज आला : "आपण एक सुरक्षित चालक आहात. सलग पाच वर्षे एकही क्लेम न केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." तो वाचायला मी गाडी कडेला घेतली, आणि मागून हॉर्न वाजला.