मुंडीमागे दर आणि जेलची किल्ली

आमच्या भाचेजावयांचं ठाम मत आहे की जेलसुद्धा खासगी कंपनीला चालवायला देऊन टाकावी. त्यांचा दाखला इंदूरचाच. देवगुराड्याचा गॅस प्लांट बघा म्हणतात. 2022 साली सुरू झाला, रोज 550 टन ओला कचरा पचवायची ताकद, चालवते कंपनी, आणि त्या गॅसवर सिटी बस धावतात. सरकारी खात्याला हे जमलं असतं का?

नसतं जमलं, कबूल. खासगीचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करणाऱ्यांतला मी नाही. पण जन्मभर सरकारी ठेक्यांची बिलं तपासली, त्यामुळे माझी नजर आधी एकाच ठिकाणी जाते: पैसे कशाचे मिळणार? प्लांटला कचऱ्याची भूक असते, असू दे. कचऱ्याला घरी परत जायचं नसतं.

अमेरिकेत हा धंदा 1983 पासून आहे. नॅशव्हिलची करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही त्यातली जुनी कंपनी, आता तिचं नाव कोअरसिव्हिक. कैदी सरकारचे, भिंती आणि पहारेकरी कंपनीचे, आणि दर बहुतेक मुंडीमागे, रोजचा. 2012 मध्ये या कंपनीने 48 राज्यांना पत्र पाठवलं: तुमचे तुरुंग आम्ही विकत घेतो, करार 20 वर्षांचा, अट एवढीच की 90 टक्के खाटा भरलेल्या हव्यात. ठेक्याच्या भाषेत याला मिनिमम गॅरंटी म्हणतात. टोलनाक्याला ठीक आहे. इथे गुन्हे कमी झाले तरी खाटा भरायची जबाबदारी सरकारची!

मिसिसिपीतल्या कैद्यांच्या नोंदींवर एक अभ्यास झालाय. खासगी तुरुंगातले कैदी सरासरी सुमारे तीन महिने जास्त आत राहिले. कारण शिस्तभंगाचे शेरे. शेरा पडला की सुटका लांबते, सुटका लांबली की बिल वाढतं. मुद्दाम कोणी केलं असेल असं मी म्हणत नाही. पण शेरा लिहिणाऱ्याचा पगार त्याच बिलातून निघतो.

आता हे आपल्याकडे आणून बघा. 2022 च्या अखेरीस देशातल्या जेलांची क्षमता 4,36,266 आणि आत माणसं 5,73,220. त्यातले शंभरातले पंचाहत्तर कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 सांगतं की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामीन मिळावा. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे, एकाहून जास्त खटले, असे अपवाद आहेत. आणि कोर्टाला लेखी अर्ज करायचा कोणी? जेल अधीक्षकाने.

इथे माझं गाडं अडतं. आजचा अधीक्षक आळसाने अर्ज लांबवेल, फाइलीखाली दाबून ठेवेल, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या आळसात त्याचा फायदा नाही. कंपनीच्या अधीक्षकाला मात्र प्रत्येक अर्जामागे एक रोजचा दर कमी होणार. वरून वकील न परवडणारा, जामीनदार न मिळणारा माणूस म्हणजे सगळ्यांत खात्रीचं गिऱ्हाईक.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये खासगी तुरुंगाचा कायदा रद्द केला, आठ विरुद्ध एक. त्यांचा मुद्दा स्वातंत्र्याचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती कैद्याला द्यायचंच नाही. माझा मुद्दा त्यामानाने कारकुनी आहे. स्वयंपाकघर द्या, धुलाई द्या, कोर्टातल्या पेशीच्या व्हिडिओची यंत्रणा द्या. किल्ली आणि रजिस्टर देऊ नका.

भाचेजावई म्हणतात, मामा, करारात दंडाचं कलम घाला की. इंग्लंडमध्येही पंधरा वर्षांचा रीतसर करार होता. बर्मिंगहॅमचा तुरुंग जीफोरएस कंपनीकडे, 2011 पासून. 2018 च्या ऑगस्टमध्ये सरकारला तो परत ताब्यात घ्यावा लागला. तपासणीला गेलेल्यांना तिथे काही कर्मचारी झोपलेले सापडले आणि काही ऑफिसला आतून कुलूप लावून बसलेले.